पाच श्रोत्यांचं केंद्र

रेडिओवाले काका निवृत्त झाले तेव्हा लोक म्हणाले, आता हा माणूस भिंतींशी बोलणार. फार काही चुकलं नाही त्यांचं. काकू गेल्या, लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली आणि तिच्या रिकाम्या खोलीत काकांनी इंटरनेट रेडिओ थाटला. जन्मभर नोकरीत दुसऱ्यांचे आवाज हवेत सोडले, आता म्हणे स्वतःचं केंद्र.

हौस दांडगी, पण खिसा बेताचा. इंटरनेटवर गाणं लावलं की जितके श्रोते तितक्यांची रॉयल्टी भरायची. म्हणून काकांनी एका वेळी पाचच श्रोते घ्यायचं ठरवलं. सहावा आला की त्याला 'जागा नाही' अशी पाटी दिसे. गाणी लावायची तीही कुठल्याच कंपनीच्या दावणीला न बांधलेल्या कलाकारांची. त्यांतला एक मेंडोलिनवाला. पोटासाठी गाड्यांच्या काचा बसवायचा आणि सुटीच्या दिवशी घरीच वाजवून ध्वनिमुद्रण करायचा. रॉयल्टीत त्याचा चहाही सुटत नसेल. पण ती जमा झाली की काकांना संदेश यायचा, "तुमच्या पाच जणांना माझा नमस्कार सांगा. माझं ऐकणारं दुसरं कोणी नाही." काका तो नमस्कार माइकवरून इमानेइतबारे पोचवायचे.

पडद्यावर श्रोत्यांचा आकडा कायम पाच. काकांची कॉलर ताठ. "आपल्याकडे रोज हाउसफुल्ल," असं ते वाण्याला सांगत. तो बिचारा मान डोलवत साखर तोलायचा.

सल एकच होता. लेक ऐकत नव्हती. बोलणं तर सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. "गारठा वाढलाय, कान झाकून बाहेर पडा," असं श्रोत्यांना बजावताना काकांच्या डोळ्यांपुढे तीच असे. फोनवर ती त्रोटक बोलायची, जावयाचा खोकला नाहीतर घरभाडं. रेडिओचं नाव ती काढत नव्हती आणि काकाही काढत नव्हते. मागून घेतलेल्या कौतुकात काय राम असतो?

पण शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. एका रविवारी गाणी आपली आपण चालू होती, तेव्हा फोनवर विचारलंच. "कधीतरी ऐकत जा गं. बापाचा आवाज इतका का कडू झाला?"

मग ती म्हणाली, "रोज लावते, बाबा. रोज जागा नाही म्हणून येतं. परक्यांना आत घेतलंत आणि मला दारात उभं केलंत. आईच्या आजारपणात मी उशिरा पोचले, त्याचा राग असेल असं धरून चालले मी."

"अगं, काय बोलतेस काय. थांब, कसं होतं ते बघतो."

"आधी मागे वाजतंय ते बंद करा. तुमचं धड ऐकू येत नाहीये."

काकांनी स्वयंपाकघरातला रेडिओचा संच बंद केला. परत आले तर आकडा चार. "बघ, गेला एक जण. लाव लवकर."

"अजून वाजतंय, बाबा."

निजायच्या खोलीतला बंद केला. आकडा तीन झाला, आणि काका खुर्चीत बसून खोल्या मोजू लागले.

काकू गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी खोलीखोलीत एकेक संच दिवसरात्र लावून ठेवला होता. हवेतल्या रेडिओला कोण किती संच लावतंय याचा पत्ता नसतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येक संच म्हणजे एक श्रोता. सगळी हयात त्या हवेतल्या रेडिओत गेलेली, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पाचही जण तेच होते. मेंडोलिनवाल्याचा नमस्कारही इतके दिवस ते स्वतःलाच सांगत होते.

उरलेले तीन त्यांनी उठून बंद केले. घर चिडीचूप झालं. फार एकटं वाटलं त्यांना, काकू गेल्या त्या दिवशी वाटलं होतं तसं.

"आता लाव," ते म्हणाले.

शून्याचा एक झाला. चालू गाणं संपलं. काकांनी पुढचं थांबवलं आणि माइकचं बटण दाबलं. रेडिओवर गप्प बसण्यासारखा गुन्हा नाही, असं म्हणून हाताखालच्या माणसांना त्यांनी जन्मभर फैलावर घेतलं होतं. तेच काका तोंड उघडून बसले आणि शब्द काही फुटेना.

"बाबा," लेक फोनवर म्हणाली, "तुमचा आवाज येत नाही."

"येईल," काका म्हणाले. "तू जाऊ नकोस."