आधी शास्त्र, मग चहा

आमच्या घरात चहाच्या आधी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं जाई. हा आईचा नियम. पप्पा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी असली की त्यांना अंधारातच उठावं लागे, आणि चहाशिवाय त्यांचे डोळे उघडत नसत. तरी ते बिचारे गंजीफ्रॉकवर येऊन चटईवर बसत आणि थंड स्टोव्हकडे आशेने बघत. आई म्हणे, "एकदा पोटात काही गेलं की माणूस घाईला लागतो. आधी बसा."

त्या काळात आमची शाळाही त्याच चटईवर भरे. मला सांधे धरणारा ताप आला होता. सांधे सुटले, पण जाता जाता त्याने हृदयाची एक झडप बिघडवून ठेवली. डॉक्टरांनी जिने, धावपळ आणि मीठ, तिन्हींवर बंदी घातली. माझी शाळा तिसऱ्या मजल्यावर. आई स्वतः प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने ती नोकरी सोडली आणि मला घरी शिकवायला घेतलं. धाकटा भाऊ नुकता शाळेच्या वयाला आला होता. त्याला सोडायला-आणायला गेलं तर माझ्याजवळ कोण बसणार, म्हणून तोही घरीच बसला. शिलाई मशीन हे आमचं डेस्क, आणि मशीनच्या झाकणावर काळ्या पुठ्ठ्याचं बायबल. गणित, भूगोल, शुद्धलेखन सगळं त्याच्यानंतर. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटे की आम्ही नापास झालोय आणि आई ते लपवतेय. आई कुणाला समजावायच्या भानगडीत पडली नाही.

वाचायची पद्धत ठरलेली. आळीपाळीने एकेक वचन: आधी आई, मग पप्पा, मग मी, शेवटी भाऊ. तो अजून अक्षरं जुळवत वाचायचा, त्यामुळे त्याच्या वाट्याला लांब वचन आलं की पप्पा सुस्कारा सोडत. वाचून झालं की प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर आई दुसऱ्या दिवशी सकाळी देणार. त्याच दिवशी नाही. रात्रभर प्रश्न डोक्यात राहू दे, असं तिचं म्हणणं. भावाने एकदा विचारलं, जलप्रलयाच्या वेळी तारवात डास होते का. मरोळला राहणाऱ्या मुलाचा अगदी रास्त प्रश्न. दुसऱ्या दिवशी आईने गंभीरपणे सांगितलं की असणारच, आणि आत बसलेल्यांचीही झोप उडाली असणार. पप्पा इतके हसले की चहाची आठवणही राहिली नाही.

या सगळ्यापुढे चालायची फक्त एकच गोष्ट, ती म्हणजे पाणी. खालच्या नळाला ते सकाळी थोडाच वेळ येई, आणि येण्याची वेळ काही ठरलेली नसे. शेजारच्या मालवणी काकू जिन्यातून हाक मारत, "बाई, पाणी इला गो!" आणि आई वचन अर्धं सोडून हंडे उचलून पळे. पप्पा म्हणत, "तुझ्या देवाला घाबरत नाही असा मुंबईत एकच आहे, म्युनिसिपालिटीचा नळ."

आईचं आणि माझं खरं भांडण होई ते जेवणावरून. अळणी भाजी, अळणी वरण, अळणी भाकरी. मी हट्टी होते, आजही आहे. ताट सरकवून द्यायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. आई आधी समजवायची, मग रागवायची, मग ताट उचलून न्यायची. माझी हाडं दिसायला लागली होती. इंजेक्शनला गेलं की कंपाउंडर माझ्या दंडाकडे बघून आईला म्हणे, "ताई, हिला खायला घालत नाही का?"  परतताना रस्ताभर आईने माझा हात सोडलेला आठवत नाही.

तेव्हा सकाळच्या वाचनात बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान चालू होतं. त्यात एका सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी आजारी पडते. येशू तिच्या घरी पोचेपर्यंत ती गेलेली असते, बाहेर रडारड सुरू असते. तो आत जातो, तिचा हात धरतो आणि तिला उठायला सांगतो. ती उठते हे वचन माझ्या वाट्याला आलं. ती उठून चालू लागली, आणि ती बारा वर्षांची होती. मीही बारा वर्षांची होते. तेवढ्यात जिन्यातून हाक आली. आई उठली, हंडा कमरेवर घेतला. भावाचं वचन राहिलंच. मी म्हटलं, "माझा प्रश्न ऐकून जा. तिला उठवलं, मग मला का नाही बरं करत?"

आई दारात थांबली. मग म्हणाली, "उद्या," आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज पाणी लवकर येणार आहे, शास्त्र संध्याकाळी वाचू. संध्याकाळी म्हणाली, दमलेय. त्याच्या पुढच्या सकाळी माझे अपूर्णांक फार मागे पडलेत असं तिला आठवलं आणि वाचनाआधीच पाटी निघाली. बायबल मशीनच्या झाकणावर तसंच, लोकरीची खूण मध्ये अडकवलेली. पप्पांना उठल्या उठल्या चहा मिळू लागला. पहिल्या दिवशी त्यांनी तो मिटक्या मारत प्यायला. मग मात्र ते कप हातात धरून नुसते उभे राहू लागले, एकदा आईकडे आणि एकदा मशीनकडे बघत.

मला काय ते कळलं होतं. आईकडे उत्तर नव्हतं. आजारपणात, अंगात ताप असतानाही जिने कधी वाचन चुकवलं नव्हतं, ती माझ्या एका प्रश्नाला घाबरून पुस्तक उघडत नव्हती. मला तिचा भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिच्याकडे नाही म्हणजे मग कुणाकडेच नसेल. मी अन्न जवळजवळ टाकलंच. आईही आता रागवेना. ताट उचलून न्यायची आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहायची.

एका सकाळी पप्पांनी आईच्या हातातला कप घेतला, न पिता बशीने झाकला आणि बायबल आणून तिच्यासमोर ठेवलं. "नियम तुझा आहे, माझा नाही," ते म्हणाले. "मला हा चहा गोड लागेना."

आईने पुस्तकावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी रोज हाच प्रश्न विचारते गं. तू विचारायच्या आधीपासून. मला उत्तर मिळालेलं नाही. तुला तसं सांगायची लाज वाटली."

मी रडले. उत्तर न मिळाल्याचं मला काहीच वाटलं नाही. इतके दिवस तो प्रश्न माझ्या एकटीचा आहे असं मला वाटत होतं, म्हणून रडले.

"राहिलेलं वचन वाच," आईने भावाला सांगितलं. त्याने खुणेच्या जागी बोट ठेवलं आणि अक्षरं जुळवू लागला. छोटंच वचन होतं. हे कुणाला कळू देऊ नका, असं येशूने त्या घरच्या माणसांना बजावलं, आणि तिला काहीतरी खायला द्या म्हणून सांगितलं. बस, तिथे अध्याय संपत होता. आईने ते शुभवर्तमान कितीदा वाचलं असेल, पण तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, हे ती आजच ऐकतेय.

भावाला तर प्रश्न तयारच होता. "काय दिलं मग तिला खायला?"

उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं असतं. "भाकरी," आई लगेच म्हणाली आणि उठली. रात्रीची बाजरीची भाकरी तिने दुधात कुस्करली आणि वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "उठवणं माझ्या हातात नाही," ती म्हणाली. "एवढं आहे."

झडप कधीच पूर्ण बरी झाली नाही. माझी गोळी आजही चालू आहे. आई गेली तेव्हाही तो प्रश्न आम्हा दोघींकडे तसाच होता, आणि सकाळचं वाचनही. पण त्या दिवशी मी पहिला घास घेतला. अळणीच होता. दुसरा घेतला. पप्पांनी झाकलेला गार चहा पिऊन टाकला. जिन्यातून हाक आली, "बाई, पाणी इला गो!" खाली हंड्यांचा खणखणाट सुरू झाला, काकूंनी पुन्हा हाक मारली. आई माझ्या वाटीकडे बघत बसून राहिली. ती उठली नाही.