पेरू कुणाच्या चाकूनं कापायचा

चार रिकामी माणसं रोज एकाच कट्ट्यावर बसायला लागली की बोलण्यासारखं सगळं महिन्याभरात संपतं. तब्येत, सुना, राजकारण, द्राक्षाचा भाव, सगळं. मग एखादी फालतू गोष्ट हाताला लागते आणि तिच्यावर वर्षं निघतात. किस्से साठतात ते असे. आमच्या हाताला चाकू लागला.

कट्टा पलूसच्या एसटी स्टँडमागे, बंद पडलेल्या एका रसवंतीसमोर. मी लाइनमन म्हणून रिटायर झालो, सगळे मला वायरमन म्हणतात. दुसरे सुभेदार, फौजेतून आलेले. तिसरे कांबळे तात्या, यांनी आयुष्यभर लोकांच्या द्राक्षबागांत कलमं केली. चौथा बिरू, आटपाडीकडचा. मेंढरं विकून लेकीकडं राहायला आलेला आणि माझ्याच वयाचा, म्हणून आमचं अरे-तुरे. चौघांच्याही खिशात एकेक घडीचा चाकू असतो, हे एकदा तात्यांनी परसातला पेरू आणला तेव्हा कळलं.

सुभेदारांनी त्यांचा काढला. जाड पातं, पाठीला दाभण, बाजूला डबा फोडायचं हत्यार. तात्या म्हणाले, "यानं पेरू कापला जायचा नाही, फुटेल."

माझा बाकदार, वायरची साल काढायला केलेला. सुभेदार म्हणाले, "ये तो नाखून है, चाकू कहाँ है?"

तात्यांचा पितळी मुठीचा, पातं कागदासारखं. मी म्हटलं, लिंबू कापलं की काळं पडतं हे. ते म्हणाले, काळं पडतं तेच खरं पोलाद. मग पातं छोटं बरं की लांब, एक बरं की दोन, मूठ लाकडाची की पितळेची, यावर तासभर जुंपली. बिरूचा चाकू राहिलाच होता. ट्रकच्या स्प्रिंगपाट्याचा, गावच्या लोहारानं केलेला, उघडताना खाट्कन वाजणारा. तो बघायला म्हणून आम्ही वळलो, तर बिरू देठ थुंकत होता.

"पेरू कुठंय रं?"

"खाल्ला की. दात हायत अजून."

*

तात्या एक नाही, दोन चाकू बाळगतात, हे नंतर कळलं. पितळी मुठीचा खायच्या वस्तूंसाठी. दुसरा कलमाचा, शर्टाच्या आतल्या खिशात, फडक्यात गुंडाळलेला. त्याला एकाच बाजूनं धार. दोन्हीकडून असली की काप पोटात फुगतो आणि काडीला काडी बसत नाही, असं त्यांनी समजावलं. तो चाकू ते कुणाच्या हातात देत नाहीत.

सुभेदारांनी विचारलं, "तात्या, आता हात थरथरतो तुमचा. कलमं बंद करून जमाना झाला. मग हा कशाला छातीशी?"

"एखाद्याचा फोन यायचा. आपण तयार असावं."

आणि त्याच आठवड्यात कट्ट्यावर त्यांचा फोन वाजला. तात्या ताठ बसले. ऐकत होते, मान हलवत होते, मधेच "हो, हो" म्हणत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन खाली ठेवला.

"कोण?"

"रिचार्ज संपत आलाय म्हणे."

फोनवरची ती बाई आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली असते हे आम्हाला माहीत होतं. तात्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं.

*

माझ्या मुलानं पुण्याहून ऑनलाइन एक लाल चाकू पाठवला. "बाबा, तुमचा तो गंजका टाकून द्या" असं फोनवर सांगून. बॉक्स मी कट्ट्यावरच फोडला. छोटी कात्री, छोटी करवत, चिमटा, दात कोरायची काडी, बाटलीचं झाकण काढायचं, सगळं नखानं ओढून बाहेर काढायचं. तात्यांची नखं पातळ झालीत, त्यांना एकही पातं उघडेना. बिरूनं कात्रीनं मिशी नीट केली आणि चाकू पास झाला असं जाहीर केलं.

फक्त एक हुकासारखा आकडा होता, तो कशासाठी ते कुणाला कळेना. बिरू म्हणाला, विहिरीतली बादली काढायला. त्या आकड्याला बादलीची कडीसुद्धा अडकली नसती. शेवटी मी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे. यूट्यूबवर बघा ना."

आम्ही चौघं डोकी जुळवून यूट्यूबवर बघितलं. दोरीनं बांधलेलं पार्सल बोटाला न काचता उचलायला तो आकडा असतो म्हणे.

सुभेदारांनी चष्मा काढला. "बहोत अच्छा. आता कुणीतरी पार्सल पाठवायला पाहिजे."

मी रिकामा बॉक्स पिशवीत ठेवला आणि लाल चाकूही त्यातच.

*

माझा बाकदार चाकू मी का सोडत नाही, ते सांगतो.

मालन, माझी बायको, शेवटी सांगलीला दवाखान्यात होती. तिला मोसंबी लागायची. पहिल्याच दिवशी नर्सनं मला हटकलं, "काका, वॉर्डात चाकू चालत नाही." मी म्हटलं, "ताई, याच्या टोकाला धारच नाही, बघा. आत वळलेलं आहे, लागणार कुणाला?" तिनं बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "माझ्यासमोर सोलायची आणि लगेच खिशात."

वायर सोलायच्या चाकूनं मोसंबी फार सुरेख सोलली जाते. आतल्या फोडीला इजा होत नाही. शेजारच्या कॉटवरची आजी बघत होती, तिला दिली. मग पलीकडच्या बाईनं तिचं संत्रं पुढं केलं. असं करत करत मी रोज सकाळी अख्ख्या वॉर्डाची फळं सोलायला लागलो. नर्सच डबे आणून द्यायची. मालन म्हणायची, "पगार मागा आता."

ती गेली. सगळे विधी झाले, पाहुणे गेले. एका सकाळी मी सवयीनं मोसंबी घेतली आणि सांगलीची एसटी पकडली. वॉर्डात सगळ्या कॉटवर नवी माणसं. नर्सही नवी. मी खिशातून चाकू काढला तशी ती धावत आली.

"काका, कोणत्या पेशंटचे तुम्ही?"

मी इकडं तिकडं पाहिलं. "कोणाचाच नाही," म्हटलं. मोसंबी एका बाईच्या उशाशी ठेवून आलो.

*

सुभेदारांचा मुलगा बेंगळुरूला असतो. आईच्या मागं बाबा एकटे नकोत म्हणून त्यानं विमानाचं तिकीट काढून पाठवलं. आम्ही सुभेदारांना निरोपाचा चहा पाजला. तात्यांनी पेरूची पिशवी दिली. जाताना सुभेदार प्रत्येकाचा हात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते कट्ट्यावर हजर. पेरूच्या पिशवीसकट.

झालं असं, की पुण्याच्या विमानतळावर तपासणीत त्यांच्या बंडीत चाकू सापडला. तिथला पोरगा बिचारा नम्र होता. म्हणाला, साहेब, इथं ठेवून जा, नाहीतर बाहेर कुणाला देऊन या. सुभेदार बाहेर आले. द्यायला कुणी नव्हतं. मग टॅक्सी केली, स्वारगेट गाठलं आणि एसटीनं परत.

मी म्हटलं, "सुभेदार, चाकूपायी विमान सोडलं? दुसरा घेतला असता की."

ते पेरू चाचपत होते. "चाकू ठेवायला मी तयार होतो रे. त्यानं ट्रे पुढं केला, मी ठेवलाही. मग तो म्हणाला, साहेब, परत कधी येणार? आलात की घेऊन जा."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"तिकीट एकाच बाजूचं होतं," सुभेदार म्हणाले आणि दाभणानं पिशवीची गाठ सोडवायला लागले.

*

बिरूच्या चाकूची लाकडी मूठ तडकली. लोणंदच्या बाजारात एक म्हातारा शिंगाच्या मुठी करून देतो, तो बसवून देईल, असं बिरू महिनाभर म्हणत होता. शेवटी आम्ही दोघं रेल्वेनं गेलो.

तो म्हातारा नव्हता. शेजारी चप्पल विकणाऱ्यानं सांगितलं, बसायचा बंद झाला. मी म्हटलं, चला, चहा घेऊन परतीची गाडी पकडू. पण बिरू शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराकडं वळला होता.

तिथं एका अनोळखी माणसानं विकायला काही मेंढ्या आणल्या होत्या. त्यातली एक लंगडत होती. बिरू तिच्याकडं बघत उभा राहिला.

"पावणं, खुरं लय वाढल्यात की हिची."

"व्हय वो, येळच गावंना."

"काढू का?"

त्या माणसानं खांदे उडवले. बिरू मातीत बसला, मेंढी अलगद पाठीवर पाडून मांडीवर घेतली, तडकलेल्या मुठीला रुमाल गुंडाळला आणि कामाला लागला. चारी खुरं झाली, मेंढी उठली, नीट चालायला लागली. त्यानं दुसरी ओढली. मग पलीकडच्यानं विचारलं, आमची बघता का. बिरू सरकून तिकडं बसला. उन्हं कलली तरी त्याचं चाललंच होतं. तोंडानं तो मेंढरांशी काहीतरी बारीक बोलत होता. कट्ट्यावर तो एवढा कधी बोलत नाही.

मी म्हटलं, "बिरू, गाडी जाईल रं."

"व्हय, झालंच."

पहिल्या मेंढीचा मालक माणूस भला होता. म्हणाला, "आवं, घिऊन जावा एखादं कोकरू. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

बिरूनं चाकू मिटला. "लेकीचा फ्लॅट हाय, तिसऱ्या मजल्यावर," तो म्हणाला आणि उठला.

गाडीत त्याच्या हाताला मेंढरांचा उग्र वास येत होता. समोरची बाई पदर नाकाला लावून दुसरीकडं जाऊन बसली. मी म्हटलं, "बिरू, डब्यात नळाला पाणी हाय, हात धू." तो म्हणाला, "धुतो की." रहिमतपूर गेलं, कराड गेलं, तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

उतरल्यावर फलाटावरचा नळ मी त्याच्यासाठी उघडून धरला. तो वाकला, नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्याला आणि दोन्ही हात मागं धरून चालायला लागला.