तुम्ही बसा, बाबा

सकाळी गुडघ्याला मलम चोळलं आणि त्या उग्र वासासरशी बाबा आठवले.

भाईंदरहून जवळच्या मुर्धा गावी चालत जाऊन ते बोंबील आणायचे. प्रत्येक कोळणीचं नाव त्यांना तोंडपाठ. मग पाय मोडला. प्लास्टर निघालं, तरी आम्ही मायेनं म्हणायचो, "तुम्ही बसा, बाबा. आम्ही आणतो."

वर्षभर ते घरीच बसून राहिले. मग एका दुपारी ते ओट्यापाशी गॅसचा लायटर उलटसुलट करत उभे होते. "हे कशाला असतं गं?" कणकेनं भरलेल्या हातांनीच मी गॅस पेटवून दाखवला.

तेव्हा वाटलं, वय झालं. आता वाटतं, आम्हीच त्यांना बसवलं.

इतक्यात मुलगा पिशवी घेऊन निघाला. "आई, तू बस. मी आणतो."

मी घाबरून त्याच्या हातातून पिशवी ओढून घेतली.