पोर्टलवर नाही ते नाही

"मोडून बघावं लागन, साहेब."

नवीन काही तयार झालं आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटायला लागलो, की मागच्या खुर्चीतून हे वाक्य यायचं. मग मामा चष्मा कपाळावर सरकवायचे, दोन्ही तळहात पँटला पुसायचे आणि कीबोर्ड पुढ्यात ओढायचे. दहा मिनिटांत आमच्या कौतुकाच्या बाळानं भोकाड पसरलेलं असायचं.

आमची कंपनी जालन्यातली, सात-आठ माणसांची. कापूस, ऊस, भंगार, जिथं म्हणून भरलेल्या गाड्या मोजतात तिथल्या वजनकाट्याचा प्रोग्राम आम्ही करतो. मामा, म्हणजे सगळ्या ऑफिसचेच मामा, हसनाबादचे. वडील मेंढरं वळायचे. मामा आधी घनसावंगीकडे एका काट्यावर ऑपरेटर होते आणि तिथं त्यांनी आमचा प्रोग्राम इतक्यांदा बंद पाडला, की मालकांनी वैतागून त्यांनाच नोकरीवर घेतलं. पन्नाशीचा माणूस आमच्या पोरांकडून कोडिंग शिकला आणि टेस्ट लिहायला लागला. टेस्ट म्हणजे छोटासा प्रोग्राम. तो मोठ्या प्रोग्रामला रोज आपोआप ठोकून बघतो, कुठं पोकळ वाजतंय का.

आमच्या टेस्टची नावं म्हणजे कोड आणि आकडे. मामांची नावं बघा: 'ड्रायव्हर गाडीतून उतरलाच न्हाई तर'. 'गाडी काट्यावर अन् लाइट गेली तर'. 'काट्यावर शेळी चढली तर'. प्रत्येक टेस्टच्या डोक्यावर दोन ओळी असायच्या: हे कुठं घडलं आणि कुणाला सोसावं लागलं.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेलच. असेल तर त्याला जपा. आम्हाला ते जमलं नाही. आम्हाला कशाला, मलाच.

मी टीम लीड. वयानं मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण ते मला साहेब म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. तेव्हा आमच्याकडे टेस्टचा नुसता बाजार होता. कुणाची टेस्ट मेलमध्ये, कुणाची स्वतःच्या फोल्डरात, मामांच्या सगळ्या पेन ड्राइव्हवर. मी एक पोर्टल आणलं. यापुढं प्रत्येकानं टेस्ट इथूनच द्यायची. "पोर्टलवर नाही ते नाही," असं मी मीटिंगमध्ये टेबलावर बोट आपटून सांगितलं. निर्णय चुकीचा नव्हता हो, आजही नाही. चुकीचा होता तो मी.

पोर्टलवर प्रत्येक टेस्टला एक फॉर्म. टेस्ट का लिहिली, त्याची चार कारणं ठरलेली, त्यातलं एक निवडायचं. मामा दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले.

"साहेब, ह्या चारात शेळी कुठं बसवू?"

ते खरंच विचारत होते. मी तो प्रश्न भर मीटिंगमध्ये वाचून दाखवला. सगळे खो खो हसले. मामाही हसले, जरा उशिरानं.

नंतर जेवणाच्या सुट्टीत ते हळूच म्हणाले, "तुमचं पोर्टल बराबर हाय. पण मला ते इंग्रजी फॉर्म जमून न्हाई राह्यले. एकदा संगं बसता का? मंग मी बिलकुल इचारणार न्हाई."

अर्ध्या तासाचं काम. पण मला कुठली तेवढी फुरसत! मी म्हणालो, "मामा, पेन ड्राइव्ह द्या इकडं. मीच चढवतो सगळं."

त्यांनी गळ्यातली दोरी काढून पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरलो. बरं, नुसतं विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. महिन्यानं त्यांनी विचारलं, "साहेब, चढल्या का?" मी स्क्रीनवरून मान न काढता म्हणालो, "झालं, झालं." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. दोन्ही वेळा मला पक्कं माहीत होतं, की झालेलं नाही.

मग एक मोठं गिऱ्हाईक गेलं. मालकांनी ठरवलं, एक माणूस कमी करायचा, आणि कोण ते पोर्टल सांगेल. सगळ्यांना बसवून त्यांनी कुणी किती टेस्ट चढवल्या त्याची यादी भिंतीवर लावली. शेवटचं नाव मामांचं. त्यापुढं शून्य.

"मामा, एक पण न्हाई?" मालकांना स्वतःलाच पटत नव्हतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं. वहीत काहीही नव्हतं, कोरं पान होतं. सगळ्यांसमोर माझं पोर्टल, माझा नियम आणि माझाच आळस उघडा पडेल, या भीतीनं मी त्या कोऱ्या पानावर तारीख लिहीत बसलो. एक वाक्य बोलायचं होतं. मामांची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तेही मला माहीत होतं.

"राहून गेलं असंल माझ्याकडून," मामा म्हणाले.

महिनाअखेरीस ते गेले. जाताना घरच्या उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या. टेबला-टेबलावर वाटल्या. माझ्या टेबलावर जरा जास्तच ठेवल्या.

दिवाळीनंतर वाटूरकडच्या एका जिनिंग मिलवर कापसाच्या खरेदीचा मुहूर्त होता. धान्य मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. त्या जिनिंगवरही मुहूर्ताच्या पहिल्या गाडीच्या टोकनला एक नंबर देत नाहीत, 'लाभ' लिहितात. आम्ही नुकतंच टोकनच्या रकान्यात आकड्याशिवाय काही घ्यायचं नाही असं करून ठेवलं होतं. झालं! नारळ फुटला, गाडीला हार घातला आणि काटा अडकला. मागं गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

त्यांच्या मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्यावर मी ड्रॉवर उघडला. पेन ड्राइव्हवर टेस्ट होती: 'पहिली गाडी लाभ म्हणून आली तर'. रोज चालत असती, तर आठवडाभर आधीच बोंबलली असती.

संध्याकाळी मामांचाच फोन. "साहेब, काटा अडकल्ता म्हणं. ते मॅनेजर मला इचारून राह्यले. मी म्हणलं, लाभाची टेस्ट साहेबांनी कवाच चढवली हाय, दुसरं काही असंल."

मी म्हणालो, "हो मामा, दुसरंच होतं." तेव्हाही तेच म्हणालो! लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

पुढचे दोन दिवस बसून मी त्यांच्या सगळ्या टेस्ट चढवल्या. जो चढवेल त्याचंच नाव लागतं. दुसऱ्याचं नाव टाकायची सोय मीच बंद करून घेतली होती, कुणी कुणाचं काम लाटू नये म्हणून. मालकांकडे जाऊन खरं सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष संपलं.

वर्धापनदिनाला यादी पुन्हा भिंतीवर लागली, या वेळी टेस्टच्या नावांसकट. पहिलं नाव माझं, आणि दुसऱ्यापेक्षा कितीतरी पुढं. मालकांनी शाल घातली, नारळ दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नको म्हणायला तोंड उघडलं आणि "धन्यवाद" म्हणालो. कुणीतरी तो फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मामांना ग्रुपमधून काढायचं राहून गेलं होतं. फोटोत माझ्या मागच्या भिंतीवर त्यांच्या टेस्टची नावं स्वच्छ वाचता येत होती.

त्यांचा मेसेज आला: "अभिनंदन साहेब. सगळ्या चढल्या. बरं झालं."

त्यानंतर पाच मिनिटांनी मामांनी ग्रुप सोडला.

जालन्याहून हसनाबाद काही लांब नाही. कुणी विचारलं तर सांगतो, जायला सवड झाली नाही. सवड भरपूर आहे. तोंड नाही.