हनीफच्या भिंतीवर माझा अंगठा

शमीमचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या चहात बटर बुडवत होतो. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि पुढचं वाक्य, "गॅरेजातल्या जीपला कुणाला हात लावू देऊ नका हां." बाप गेल्याच्या बातमीत जीप आणणारी मुलगी हनीफचीच असू शकते. माझं बटर चहात तळाशी गेलं होतं. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि गेला दीड महिना या दोघांचं कुणी आधी यायचं यावरून भांडण चालू आहे.

महाडला हायवेच्या कडेला आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. माझं वेल्डिंगचं, हनीफचं गाड्यांचे पत्रे दुरुस्त करण्याचं. आखातात बरीच वर्षं गाड्यांच्या बॉडीचं काम करून तो परत आला तो एक दोन नळ्यांची बंदूक घेऊन. दोन नळ्यांतली पेस्ट तोंडाशी येऊन मिसळायची आणि तिने म्हणे लोखंडी पत्र्याला अल्युमिनियम कायमचं चिकटायचं. मी अख्ख्या बाजारात दवंडी पिटली, "हनीफ आता गाड्या पाकिटासारख्या चिकटवणार! वर तिकीट लावा नि पोस्टात टाका!" हनीफने शांतपणे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले, एक लोखंडाचा, एक अल्युमिनियमचा. "वशा, हे दोन वेल्डिंग करून दाव. बिर्याणीचा आख्खा टोप तुझा." मी चष्मा चढवला, हातवारे केले, ठिणग्या उडवल्या. चार माणसं बघायला जमली. शेवटी लोखंड जसंच्या तसं आणि अल्युमिनियमची चाळणी! टोप मी हरलो. खाल्ला मात्र मीच.

"या दोघांना एकत्र नांदवायचं, पन अंगाला अंग लागू द्यायचं नाय," तो समजावायचा. आपल्या दमट हवेत लोखंड नि अल्युमिनियम उघडे एकमेकांना टेकले की गंज लवकर धरतो. मधे पेस्टचा पातळ पडदा असला की जोडही पक्का आणि गंजही लांब. "तुजं नि माजं दुकान बघ ना. मदी भिंत हाय म्हनून दोस्ती टिकली."

त्याची एक रीत होती. गाडीला पेस्ट लावली की त्याच नळीतली, तशाच घासलेल्या नि पुसलेल्या लोखंडाच्या नि अल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांना लावून त्या एकमेकींना चिकटवायच्या. ही जोडपट्टी एक दिवस शिकंज्यात आवळून ठेवायची, आणि गाडी द्यायच्या आधी छिन्नी घालून ती पट्टी फोडायची. फुटणार ती फुटणारच. बघायचं ते कशी फुटते. पेस्ट मधोमध फाटून दोन्ही पत्र्यांवर राहिली तर काम पक्कं. कुठे पत्रा उघडा दिसला तर काम फुकट.

एकदा हनीफ दुपारच्या नमाजला गेला असताना मी आत शिरलो. पुसून ठेवलेली पट्टी आरशासारखी चमकत होती. किती गुळगुळीत म्हणून मी अंगठा दाबून पाहिला. नुकतीच कांदाभजी खाल्ली होती, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी हनीफने पट्टी फोडली, तर पेस्टच्या मधोमध उघडं लोखंड, आणि शपथेवर सांगतो, अंगठ्याच्या आकाराचं! त्याने माझा हात धरला, अंगठा त्या डागावर टेकवला. बरोबर बसला. "भजी कुनाची होती रे?" मी खो खो हसलो. तो हसला नाही. त्याच वेळचा गाडीचा चांगला चिकटलेला दरवाजा त्याने सोलून काढला, सगळं पुन्हा घासलं, पुन्हा लावलं. "गाडीला बी तुजा हात लागला नसंल, हे मी कुनाला विचारू?" मग ती पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि खाली रंगाने लिहिलं, 'वशा'.

आता त्या जीपचं. कुडपणचा गणपत गावची माणसं पोलादपूरला आणतो-नेतो. जीपचं छत सडलं होतं. हनीफने अल्युमिनियमचं हलकं छत ठरवलं, म्हणजे घाटात वरचा बोजा कमी. वर्षभर त्याचे हात थरथरत होते, म्हणून बंदूक शमीमच्या हातात आणि हा स्टुलावर बसून नुसता बघणार. छत लावलं, पट्टी शिकंज्यात गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पेस्ट पुरती घट्ट व्हायच्या आतच, तो फोन.

पाचव्या दिवशी गणपत माझ्याकडे आला. "वसंतशेठ, छत पोरीनं लावलाय म्हंतात. आत मान्सं बसतात ओ. चार रिवेट मारून द्या." मला ते पटलं, खोटं कशाला बोलू... मी ड्रिल घेऊन गेलो. शमीम जीपच्या आडवी उभी राहिली. "काका, भोकं पाडलीत तर पाणी शिरंल, गंज धरंल. आदी पट्टी फोडा. तुमीच फोडा. पत्रा उघडा दिसला तर मी आजपासून गॅरेज बंद करते."

एवढ्या मोठ्या बोलीवर कुणी छिन्नी हातात देतं का? मी साबणाने हात धुतले. गरज नव्हती, पण धुतले. पट्टी शिकंज्यात आवळली, ठोकलं. हलेना. पुन्हा ठोकलं. अल्युमिनियम वाकडं झालं, पिळलं, आणि शेवटी कुरकुरत सुटलं. आम्ही तिघांनी डोकी जुळवून पाहिलं. पेस्ट दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नखाएवढीही उघडी जागा नाही.

"म्हंजे काय?" गणपतने विचारलं.

"म्हंजे घेऊन जा," मी म्हणालो, आणि ड्रिल पाठीमागे लपवलं.

जीप रोज माझ्या दुकानावरून जाते, गणपत हॉर्न देतो. गेल्या आठवड्यात कुडपणहून दुसरी जीपही आली, थेट शमीमकडे, मला न विचारता. मी रोज चहाला तिकडे जातो. दारातच ती हुकूम सोडते, "काका, हात!" मी दोन्ही हात पुढे करतो, पालथे करून दाखवतो, मग आत प्रवेश मिळतो. पुसलेल्या पत्र्यांपासून चार पावलं लांब उभं राहायचं. फक्त खिळ्यावरच्या त्या जुन्या पट्टीला हात लावायची मला परवानगी आहे. अंगठा अजून बरोबर बसतो.