चढते ठिपके

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. दांडे कातणाऱ्या लेथशेजारच्या स्टुलावर बसायचं, दर तासाला पाच दांडे मायक्रोमीटरने मोजायचे आणि त्यांच्या सरासरीचा एक ठिपका कंट्रोल चार्टवर काढायचा, हे तिचं काम. मधली रेघ, वरची हद्द, खालची हद्द आणि त्यांच्यामधून रमतगमत चाललेले ठिपके. दुपारचं ऊन, तेलाचा वास, यंत्रांची एकसुरी घरघर. अहो, बाई त्या ठिपक्यांबरोबर कुठे कुठे फिरून यायची, देव जाणे!

मायक्रोमीटरच्या टोकाला टिकटिक वाजणारी एक कळ असते. ती फिरवून मोजलं की दाब दरवेळी सारखाच बसतो. मावशीने ती कधी वापरली नाही. "ती नवशिक्यांना. मला माझा अंगठा आहे की!" असं म्हणून ऐटीत मान उडवायची.

आणि मग ठिपके चढायला लागले. एकही मधल्या रेघेखाली येईना. दांडे जाड होतायत म्हणून लेथवाल्याने ते बारीक कातायला हत्यार जरा आत घेतलं, पुन्हा घेतलं, तरी ठिपके चढतेच! दोन लेकरांचा बाप, पण अगदी रडकुंडीला आला. साहेबांनी बजावलं, "या आठवड्यात जमलं नाही, तर मशीन दुसऱ्याला देणार." मावशीचा जीव त्याच्यासाठी तुटायचा. झोपेतसुद्धा ती ठिपक्यांमागून एक टेकडी चढत राहायची, माथा काही यायचा नाही.

अशात दांडे जिथे बसवतात त्या असेंब्लीतून तक्रार आली, दांडे ढिले बसतायत.

"जाड दांडे ढिले कसे बसतील हो, मावशी?" लेथवाला कळवळून म्हणाला.

मावशी दचकली. तिने अंगठ्याकडे पाहिलं. सांधा सुजला होता, बरेच दिवस ठणकत होता. दुखतं म्हणून पकड सैल पडत गेली होती, आणि सैल पकडीत बारीक दांडाही जाडच मोजला जातो.

तिने तेच पाच दांडे टिकटिक करून मोजले. ठिपका खालच्या हद्दीच्याही खाली गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार्टच्या तळाशी कारण लिहायला जागा असते. तिथे तिने लिहिलं, 'मोजणारीचा अंगठा.'

साहेब मागे येऊन उभे होते. हळूच म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं झाली तुम्हाला. हत्यार झिजलं असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"नको, साहेब. तसं लिहिलं, तर उद्या पुन्हा याच्याच मानगुटीवर बसाल."