गणपती उचलणारा बाबली

नार्व्याला गोकुळदासबाबांची गणपतीची चित्रशाळा होती. बाबली तिथे तरुणपणी माती मळायला म्हणून आला तो तिथलाच होऊन गेला. मूर्ती घडवणं, रंगवणं, डोळे लिहिणं हे गोकुळदासबाबांचं काम. शेतातली चिकण माती आणणं, पायांनी तुडवून ती लोण्यासारखी करणं आणि गणेशचवथीच्या सकाळी एकेक मूर्ती उचलून ज्याच्या त्याच्या हवाली करणं हे बाबलीचं.

आषाढ लागला की घरोघरचे पाट चित्रशाळेत यायचे. मागच्या बाजूला खडूने नाव लिहिलेलं असे, पण बाबलीला ते वाचावं लागत नसे. कुणाच्या पाटाचा कोपरा उंदराने खाल्लेला, कुणाचा पाट फणसाचा, पिवळाजर्द. पाट बघून तो घर सांगायचा. मूर्ती त्या पाटावरच घडे आणि पाट जमिनीवर मांडलेले असत. सगळी चित्रशाळा दोन-अडीच महिने वाकून नाहीतर उकिडवी बसून राबायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

खाणी जोरात होत्या, खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत, तेव्हा तर विचारू नका. सुर्ल्याच्या ट्रकवाल्यांचे गणपती वर्षागणिक वाढत चालले होते. "बाबली, जमता मरे?" गोकुळदासबाब विचारायचे. बाबली लुंगी खोचायचा, वाकायचा आणि देव छातीशी घेऊन एका दमात उठायचा. अंगणात जमलेली माणसं "मोरया!" म्हणून ओरडायची. त्या आरोळीत थोडा वाटा आपलाही आहे असं त्याला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या दिवसांतलं एक चित्र त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. डोळे लिहायच्या आधी गोकुळदासबाब मधल्या खांबाला हात लावून उभे राहत. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, ओठ घट्ट. सगळी चित्रशाळा चिडीचूप होई. बाबलीही मातीत पाय तसाच ठेवून थांबे. मालक देवाशी बोलताहेत, अशी त्याची खात्री होती.

गोकुळदासबाब गेले. खाणी बंद पडल्या, सुर्ल्याचे गणपती पुन्हा लहान झाले. त्यांची मुलगी हर्षा पणजीची नोकरी सोडून आली आणि तिने चित्रशाळा हातात घेतली. बाबली होताच.

तीन वर्षांमागे, चवथ तोंडावर आलेली असताना, तो एक मूर्ती उचलायला वाकला. मोठी नव्हती. म्हणूनच त्याने गुडघे न वाकवता, हात लांब करून ती घेतली आणि मागच्या फळीवर ठेवायला तसाच कंबरेतून वळला. कंबरेत विजेसारखं काहीतरी चमकून गेलं. पाय आपले नसल्यासारखे झाले. पण हात सुटले नाहीत.

"हर्षा बाय," तो एवढंच म्हणाला, "देव घे."

हर्षाने धावत येऊन मूर्ती घेतली तसा तो तिथेच, मूर्तींच्या ओळीत, आडवा झाला.

डिचोलीच्या डॉक्टरांनी तपासलं. हाड शाबूत होतं. "निजून राहू नका, थोडं थोडं चालत राहा. पण ओझं मात्र काही महिने नको," ते म्हणाले.

"डॉक्टर, ह्याच्या दुप्पट वजन उचललंय मी."

"उचललं असेल. पण वाकून वाकून कंबर आधीच थकलेली, त्यात ओझं अंगापासून लांब आणि वर पीळ. लहान मूर्तीलाही तेवढं पुरतं."

त्या चवथीला बाबली घरी पडून दुसऱ्यांच्या दारचे फटाके ऐकत राहिला. बायको यशोदा जवळ येऊन बसली तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गणपती पोचवून झाल्यावर हर्षा कामाला लागली. चिरे रचून तिने कंबरेएवढ्या उंचीचे कट्टे केले आणि त्यावर फळ्या टाकल्या. पाट आता जमिनीवर मांडायचे नाहीत. मातीची घमेली लहान आणली. मूर्ती उचलायची ती दोघांनी, दोन बाजूंनी. आणि मूर्ती न्यायला वेल्डरकडून रबरी चाकांची, कट्ट्याएवढ्याच उंचीची एक सपाट गाडी करून घेतली.

बरा होऊन कामावर आल्यावर बाकी सगळं बाबलीने मानलं. गाडी बघून मात्र तो पायरीवरच थबकला.

"देव गाडयेर? बाय, ही काय बटाट्याची पोती? तुझ्या बापायन देव काळजाक लावन दिलो लोकांक. तो उभो रवान जप करी, तेव्हा खंय डोळे लिही."

ओसरीवर वाती वळत बसलेल्या हर्षाच्या आईने, प्रभावतीने, मान वर केली.

"बाबली, तुका काय वाटता, तो जप करी होतो?"

"मगे, वयनी?"

"कंबर धरलेली त्याची. खांब सोडलो असतो तर थंयच पडलो असतो. रात्री मी तेल चोळी. कोणाक सांगू नको म्हणी. चित्रशाळा बंद पडात म्हणी."

बाबली बराच वेळ त्या खांबाकडे बघत राहिला. इतकी वर्षं आपण समोर होतो, आणि आपल्याला घाम दिसला तो भक्तीचा.

"जपय करी आसतलो, वयनी," तो शेवटी म्हणाला.

"आसतलो," प्रभावती म्हणाली. "दोनय आसतला."

दुसऱ्या दिवशी बाबलीने घरून जाड गोधडी आणली, चार पदरी घडी करून गाडीवर अंथरली आणि वर तांबडं कापड घातलं.

पुढच्या चवथीला सुर्ल्याचे लोक आले. त्यांच्यातला म्हातारा गाडीकडे बघून कुरकुरला. बाबली म्हणाला, "घरात नेताना तुमी हातांनी न्या, मालक. थंयपर्यंत देव हलूचो नाय, ते माझ्यार." मग हर्षा एका बाजूने आणि तो दुसऱ्या बाजूने उभे राहिले. मूर्ती अंगालगत घेतली, पावलं टाकत वळले, गोधडीवर ठेवली. अंगणातून गाडी अलगद टेम्पोपर्यंत गेली. "मोरया!" झालं, पण बाबलीच्या छातीवर दरवर्षीचा ओल्या रंगाचा डाग नव्हता. त्याने शर्टाकडे दोनदा पाहिलं.

दुपारी तो घरी गेला. दर चवथीला तो अंग मोडून यायचा आणि आरती आतल्या खोलीतून, पडल्यापडल्या ऐकायचा. आज देवावर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घरची सगळी जमली होती. यशोदाने त्याच्यासाठी चटई घालायला घेतली तर तो नको म्हणाला आणि सगळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. झांज कुणीतरी त्याच्या हातात दिली. ठेका त्याला नीट येत नव्हता, मुलं हसत होती. पण आरती संपेपर्यंत तो वाजवत राहिला.